तोआप्लानचे शूटर एका कॉइनमध्ये कसे संपवायचे: स्नो ब्रदर्सवर वाढलेल्यांसाठी

स्नो ब्रदर्स आठवतोय ना? नाशिकला सिडकोत आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एका गाळ्यात तीन मशिनी होत्या, एकीवर मुस्तफा, एकीवर कुठला तरी फायटिंगवाला गेम आणि पार कोपऱ्यात स्नो ब्रदर्स, आणि आम्हा बारक्यांना पहिल्या दोन मशिनींजवळ कुणी उभं पण राहू द्यायचं नाही म्हणून आमचं सगळं बालपण त्या कोपऱ्यात बर्फाचे गोळे ढकलण्यात गेलं. एक रुपयाला एक कॉइन. किराण्याचे सुटे परत देताना एक रुपया कमी पडायचा आणि आई विचारायची तेव्हा मी म्हणायचो की वाण्याने चॉकलेट दिलं.

तर तो गेम १९९० चा, आणि बनवणारी कंपनी तोआप्लान, टोकियोची. मला हे कळायला पंचवीस वर्षं गेली. आणि त्याहून भारी गोष्ट म्हणजे स्नो ब्रदर्स ही त्यांची मूळ लाइनच नाही, त्यांचा खरा धंदा विमानाने गोळ्या मारायचे गेम, ज्याला सगळे शूटर नाहीतर श्मप म्हणतात. १९८५ चा टायगर हेली, १९८७ चे फ्लाइंग शार्क आणि ट्विन कोब्रा, १९८८ चा ट्रक्स्टन, १९८९ चे हेलफायर आणि झीरो विंग, १९९३ चा बात्सुगन. १९९४ च्या मार्चमध्ये कंपनीचं दिवाळं निघालं आणि दुकान बंद. तिथली माणसं मात्र गप्प बसली नाहीत, कुणी केव्ह नावाच्या कंपनीत गेलं, कुणी रायझिंगमध्ये, कुणी ताकुमीत, कुणी गझेलमध्ये, आणि नंतरची दहा वर्षं जपानातले बरेचसे तगडे शूटर ह्याच लोकांच्या हातचे.

हे सगळं लिहायचं कारण असं की गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाने माझ्याकडे ट्रक्स्टन खेळून बघितला, सतरा-अठरा वेळा कंटिन्यू दाबलं, गेम संपवला आणि म्हणाला, "दादा, हे काय, काहीच नाही यात." त्याचं चुकलं नाही. घरी फुकट कॉइन असतात त्यामुळे तुम्ही मरत मरत पुढे सरकत राहता, डोकं लावायची वेळच येत नाही. हे गेम एका कॉइनमध्ये, म्हणजे एकदाही कंटिन्यू न दाबता, संपवायच्या हिशोबाने खेळले तरच कळतात. म्हणून हे घ्या, मी कसा शिकलो ते, चुकांसकट.

आधी गेम कुठून आणायचे ते. तोआप्लानचेच जुने प्रोग्रामर आणि संगीतकार मासाहिरो युगे (हो, दोन्ही कामं एकच माणूस करायचा, ट्रक्स्टनचं संगीत पण त्याचंच) यांनी २०१७ ला तात्सुजिन नावाची कंपनी काढली, आणि जुन्या गेमचे हक्क आता तिच्याकडे आहेत. २०२३ च्या फेब्रुवारीत बिटवेव्ह कंपनीने स्टीमवर (पीसी गेमचं ऑनलाइन दुकान) चार गेम आणले: ट्रक्स्टन, ट्विन कोब्रा, आउट झोन आणि झीरो विंग. रुपयात पैसे भरता येतात, सेल लागला की आणखी स्वस्त, जुना लॅपटॉप पण पुरतो. त्यात चुकलं की खेळ थोडा मागे घ्यायची सोय आहे, मधेच सेव्ह करता येतं, ऑटोफायर आहे (बटण नुसतं धरून ठेवलं की गोळ्या सुटत राहतात). पीसीवरच खेळायचं असेल तर ह्या चारांतच राहा, एवढ्यात वर्ष निघतं. रॉम (चोरून फिरणाऱ्या गेमच्या फायली) कुठून डाउनलोड करायचे ते मला विचारू नका, पार्लरवाल्यांनी आपल्याला नकली कॉपी बोर्डांवर वाढवलं ते वाढवलं, आता कमावतो आहोत तर द्या चार पैसे.

आता स्क्रीन. झीरो विंग आणि हेलफायर आडवे आहेत, ते सोडा. ट्रक्स्टन, ट्विन कोब्रा, आउट झोन हे उभे गेम आहेत, म्हणजे मूळ मशीनमध्ये टीव्ही आडवा पाडून बसवलेला असायचा. आपल्या नेहमीच्या मॉनिटरवर लावला की मधे एक बारीक पट्टी दिसते आणि दोन्ही बाजूंना काळं. हिशोबच सांगतो, २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटिमीटर रुंद आणि ३० उंच, त्यावर गेमचं चित्र येतं ३० उंच आणि साडेबावीस रुंद. तोच मॉनिटर उभा केला की चित्र होतं ३० रुंद आणि ४० उंच, म्हणजे जवळपास पावणेदोन पट मोठं. गोळी दिसायलाच लागते राव, अगदी चष्मा लावल्यासारखं. ज्या मॉनिटरचा स्टँड फिरतो तो घ्या, नसेल तर मागे वेसा माउंटची चार भोकं आहेत का बघा आणि भिंतीवरचा ब्रॅकेट घ्या, एम.जी. रोडला नाहीतर ऑनलाइन मिळतो. मग विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ओरिएंटेशन पोर्ट्रेट करायचं, किंवा गेमच्या मेनूत स्क्रीन फिरवायचा ऑप्शन असेल तर तिथून.

मी पहिल्यांदा उभा केला तेव्हा आई खोलीत आली, बघितलं आणि म्हणाली, "अरे, पडला का हा?"

"नाही गं, मुद्दाम केलाय."

"मग मान वाकडी करून बघायचं का आता?"

टीव्हीवर खेळणार असाल तर गेम मोड लावल्याशिवाय सुरूच करू नका. टीव्ही चित्र गुळगुळीत करायच्या नादात उशिरा दाखवतो, तुम्ही हँडल (म्हणजे जॉयस्टिक) दाबल्यावर विमान निवांत हलतं, आणि तुम्हाला वाटतं आपलेच हात म्हातारे झाले. मी दोन महिने असंच समजत होतो.

हँडलबद्दल थोडं जास्त सांगतो कारण इथे मी पैसे घालवलेत. कीबोर्डवर खेळता येतं, खोटं नाही बोलणार, आणि साधं गेमपॅड पण चालतं, फक्त अंगठ्याच्या गोल स्टिकने नको, प्लस आकाराच्या डी-पॅडने खेळा. पण मला पार्लरचं हँडलच पाहिजे होतं. तयार आर्केड स्टिक महाग पडते म्हणून सुटे पार्ट मागवले, एक हँडल, आठ बटणं, आणि ते सगळं यूएसबीला जोडणारं छोटं सर्किट ज्याला झीरो डिले बोर्ड म्हणतात. सगळं मिळून अडीच-तीन हजारात बसतं. जोडणी म्हणजे वायरी पिनेवर खोचायच्या, सोल्डरिंग लागत नाही. पेटी बनवायला ओळखीच्या सुताराकडे गेलो आणि तिथे घोळ झाला.

मी त्याला १२ एमएमचा प्लाय सांगितला कारण मला मजबूत पाहिजे होतं. त्याने पेटी झकास केली, कोपरे गोल, वर सनमायका. घरी आणून बटणं बसवायला गेलो तर बसेचनात, कारण मी घेतलेली बटणं क्लिपवाली होती, ती पातळ पत्र्याला धरतात, जाड लाकडात क्लिप उघडतच नाही. आणि हँडल खालून स्क्रूने लावलं तर त्याचा दांडा वर जेमतेम दोन बोटं, लाकडाने बाकीचा खाल्ला. परत सुताराकडे. तो माझ्याकडे असा बघत होता की जसा मी त्याला लग्नातला चौरंग खेळण्यासाठी कापायला सांगतोय. तर तुम्ही असं करा: बटणं नटवाली घ्या, म्हणजे खालून चाकी फिरवून आवळायची, ती जाड लाकडाला धरतात. हँडलच्या जागी खालच्या बाजूने लाकूड खरवडून खोलगट करायला सांगा, वर सहा एमएम राहिलं तरी बास. भोकं ३० एमएमची, होल सॉ ३० चाच आणा, २८ चा घेऊन नंतर पॉलिश पेपरने घासत बसलात तर रविवार गेला. स्टार्ट आणि कॉइनची बटणं २४ ची मिळतात पण दोन साइज सांगितले की गोंधळ होतो, सगळी ३० ची घ्या. आणि पेटी जड ठेवा, तळाला रबराचे पाय लावा, नाहीतर जोशात आलात की पेटीच सरकते.

आता खेळायचं कसं.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात फिट करा, तोआप्लानच्या जुन्या गेममध्ये स्क्रीनवर गोळ्या कमी असतात पण त्या वेगवान असतात आणि बहुतेक गोळ्या तुमच्यावर नेम धरून सुटतात. ज्या क्षणी शत्रूने गोळी सोडली त्या क्षणी तुम्ही जिथे होतात तिकडे ती सरळ जाते, नंतर वळत नाही. एवढं एक कळलं की अर्धा गेम कळला. सीबीएसवर त्र्यंबकची एसटी येते तेव्हा काय होतं बघितलंय ना, गाडी जिथे थांबेल असं वाटतं तिकडे सगळी गर्दी धावते, आणि ड्रायव्हर हळूच वीस फूट पुढे नेऊन थांबवतो. तुम्ही ती एसटी. गोळ्या म्हणजे गर्दी. त्यांना एका जागी येऊ द्यायचं आणि आपण थोडंसं सरकायचं, थोडंसंच, हँडलला एक टिचकी, मग परत एक टिचकी. नवीन माणूस काय करतो, गोळी दिसली की घाबरून अर्धा स्क्रीन पळतो, मग पुढची गोळी तिकडे, मग परत पळतो, आणि पाच सेकंदांत सगळा स्क्रीन गोळ्यांनी भरून टाकतो, स्वतःच्याच हाताने. शत्रूंनी नाही भरला, तुम्ही भरलात.

टिचक्या मारत मारत तुम्ही एका कडेला पोचणार, उजवीकडून सुरू केलं तर डावीकडे. कडेला चिकटायच्या आत एकदाच मोठी उडी मारून परत फिरायचं, दोन गोळ्यांच्या मधली फट बघून. ही फट आपोआप पडत नाही, ती पाडावी लागते, सरकणं क्षणभर थांबवून मग एकदम जोरात सरकलात की मधे जागा राहते. हे वाचून नाही येणार, ट्रक्स्टनचा पहिला स्टेज लावा आणि बंदूक न चालवता फक्त चुकवत राहा, जेवढा वेळ जमेल तेवढा. मी रोज पाच मिनिटं करायचो. दहाव्या दिवशी हात स्वतःहून सरकायला लागला.

दुसरी गोष्ट बरोबर उलटी आहे: चुकवणं हा नाइलाज. खरं काम म्हणजे शत्रूने गोळी सोडायच्या आत त्याला उडवणं, आणि त्यासाठी तो कुठून येणार हे पाठ पाहिजे. हे गेम दर वेळी जवळपास तसेच येतात, तीच लाट, तीच जागा, फक्त नेम तुमच्या जागेप्रमाणे बदलतो. लोक म्हणतात रिफ्लेक्स पाहिजे, माझं वय चाळीसच्या घरात, माझे रिफ्लेक्स म्हणजे दूध उतू गेल्यावर गॅस बंद करणारे, तरी जमलं. पाठांतर आहे हे. पाढे पाठ केलेत ना, तसंच.

म्हणून एक वही करा. माझ्याकडे शंभर पानी आहे, वर गणपतीचं चित्र, आत असलं काही तरी लिहिलेलं:

"२ रा स्टेज. मागून दोन येतात, डावीकडून. खाली राहायचं नाही, मधे ये. ३ वेळा मेलो इथेच."

"बॉसच्या आधी बॉम्ब वापरायचा नाही!!! ठेव."

"हिरवं घेऊ नको रे."

जिथे मेलात तिथलं एक वाक्य, बास. पान भरलं की दिसतं की तुम्ही पन्नास ठिकाणी मरत नाही आहात, पाच-सहा ठिकाणी परत परत मरताय. मग त्या पाच जागांसाठी सेव्ह करून ठेवा आणि तेवढाच तुकडा घोटा. मागे घ्यायची सोय फक्त ह्या सरावासाठी वापरायची, खऱ्या खेळात हात लावायचा नाही, नाहीतर मावसभाऊ होतो तुमचा.

ट्रक्स्टन आता जवळून बघू, कारण मी तोच सुचवतो पहिला म्हणून. जपानी नाव तात्सुजिन, म्हणजे उस्ताद माणूस, नावातच धमकी आहे. पाच स्टेज. तीन हत्यारं: लाल म्हणजे समोर पसरणारा मारा, हिरवा सरळ बीम, आणि निळा म्हणजे विजेसारखा लेझर जो शत्रूला जाऊन चिकटतो आणि सोडत नाही. बघायला निळा सगळ्यात भारी, आणि सगळे नवीन लोक निळाच घेऊन बसतात, मी पण. प्रॉब्लेम असा की निळा एकाला चिकटला की त्याच्यावरच वेळ घालवतो आणि तेवढ्यात दुसऱ्या कडेने कुणी तरी गोळी सोडतो. नवशिक्याने निळा घ्यावा का? घ्या, मजा येते, पण बॉम्ब हाताशी ठेवा. हिरवा समोरच्या दांडग्या शत्रूला चांगला पण बाजू उघड्या राहतात, म्हणून वहीतलं ते वाक्य.

पी लिहिलेले तुकडे पडतात, पाच गोळा केले की हत्यार एक पायरी वर, परत पाच केले की आणखी एक. एस म्हणजे स्पीड. इथे एक सल्ला जो मला कुणी दिला नव्हता: एस दिसला की उचललाच पाहिजे असं काही नाही. सगळे एस गोळा केले की विमान इतकं सुसाट होतं की हळूच टिचकी मारायला गेलात तरी दोन बोटं सरकतं आणि तुम्ही स्वतःच गोळीवर जाऊन आदळता. मी दोन-तीन घेतो आणि बाकीचे समोरून जाताना बघत राहतो. आपल्या हाताला झेपेल तेवढाच स्पीड.

बॉम्ब म्हणजे कवटी. पूर्ण स्क्रीनभर कवटी पसरते, गोळ्या गायब, आणि दाबल्या दाबल्या लगेच लागते. फ्लाइंग शार्कमध्ये असं नाही, तिथे बॉम्ब पुढे पडून फुटायला क्षणभर घेतो, तोवर तुम्ही मेलेले असता, त्यामुळे तिथे संकट यायच्या आधी टाकावा लागतो. ट्रक्स्टनवाली सवय घेऊन फ्लाइंग शार्कमध्ये जाऊ नका. टायगर हेलीत तर बॉम्ब हेलिकॉप्टरच्या दोन बाजूंना लटकलेले दिसतात आणि गोळी बॉम्बला लागली तर तो आपोआप फुटतो, म्हणजे चिलखतच. पहिल्या शूटरमध्ये एवढी दया दाखवली, मग नंतर काय बिनसलं कोण जाणे.

बॉम्बबद्दल नवीन माणसाचा रोग एकच, साठवून ठेवणं. मेलात तेव्हा चार बॉम्ब शिल्लक होते, मग त्यांचं लोणचं घालायचं का? वहीत ज्या पाच जागा आहेत ना, त्यातल्या दोन सगळ्यात वाईट जागांवर बॉम्ब ठरवून टाकायचा, दिसेल तेव्हा नाही, घड्याळ लावल्यासारखा. बाकीच्या तीन हाताने शिकायच्या.

आता खरा जाच, चेकपॉइंट. ट्रक्स्टनमध्ये मेलात की तिथेच परत येत नाही, थोडं मागे टाकतात, आणि हत्यार पहिल्या पायरीवर, स्पीड गेलेला, जसा नोकरी सुटलेला माणूस गावी परत आलाय. आणि समोर शत्रू तेच, तेवढेच. नवीन माणूस इथे सलग तीन लाइफ घालवतो आणि गेम बंद करतो. सगळे लोक सराव कशाचा करतात, भरलेल्या विमानाने पुढे जायचा. सराव करायचा तो रिकाम्या विमानाने उठायचा. प्रत्येक चेकपॉइंटवर मुद्दाम मरा, सेव्ह करा, आणि तिथून पहिले पंधरा सेकंद कसे काढायचे तेवढंच शिका: कुठला शत्रू मारायचा, कुठला जाऊ द्यायचा, पहिला पी कुठे पडतो. काही चेकपॉइंटवर बॉम्ब टाकल्याशिवाय सुटकाच नाही, ते पण वहीत लिहा. मी हे शिकलो त्याच्या आधी तीन महिने तिसऱ्या स्टेजवर अडकलो होतो, शिकल्यावर दोन आठवड्यांत पाचवा दिसला.

ट्विन कोब्राला यातून थोडी सूट आहे. त्याचं जपानी नाव क्यूक्योकू टायगर, आणि जपानी आवृत्तीत चेकपॉइंट आहेत, पण बाहेरच्या देशांसाठी जी आवृत्ती काढली तिच्यात मेलात तिथेच परत येता आणि दोघं एकदम खेळू शकतात. बायकोला, भावाला, कुणाला तरी बसवायचं असेल तर हीच लावा. स्टेज मात्र दहा आहेत, लांबलचक, जेवून बसा. हत्यारं चार रंगांची: लाल साधा पण भरवशाचा, निळा पसरट, हिरवा सरळ, पिवळा चार दिशांना. आणि इथला सापळा असा की हत्याराचा जो डबा तरंगत असतो तो रंग बदलत राहतो. तुम्ही निळ्याच्या मागे जाता, पोचता पोचता तो पिवळा होतो, आणि पिवळ्याने समोरचा मारा इतका बारीक की पुढचा मोठा रणगाडा तुम्हाला खाऊन टाकतो. माझ्या निम्म्या लाइफ ह्या डब्याने घेतल्यात, गोळ्यांनी नाही. नियम एकच: डब्याच्या जवळ जाऊन थांबा, रंग बदलू द्या, पाहिजे तो आला की शिवा. आणि गर्दी असेल तर डबा सोडून द्या, हातातलं हत्यार चांगलं आहे ना, मग कशाला हाव.

आउट झोन वेगळा आहे, त्यात विमान नाही, माणूस पायी चालतो, आणि तुम्ही पुढे गेलात तरच स्क्रीन पुढे सरकतो. मग वाटतं निवांत खेळू, एकेक शत्रू मारत. तिथेच फसवलंय, वर एनर्जीचा पट्टा सतत उतरत असतो आणि ई लिहिलेला डबा मिळाला नाही तर उभ्या उभ्या मरता. स्नो ब्रदर्समध्ये रेंगाळलं की भोपळ्याच्या तोंडाचं भूत यायचं ना, तीच खोड. लहान मुलांना शिकवायला मला हा बरा वाटतो, कारण स्पीड त्यांच्या हातात राहतो.

झीरो विंगबद्दल एवढंच की इंटरनेटवर गाजलेलं ते मोडकंतोडकं इंग्रजी वाक्य, "ऑल युअर बेस आर बिलाँग टू अस", ह्यातलं आहे, पण ते मूळ आर्केड मशीनमध्ये नाहीच, मेगा ड्राइव्ह ह्या टीव्हीला जोडायच्या घरच्या मशीनसाठी काढलेल्या युरोपातल्या आवृत्तीच्या सुरुवातीला जी गोष्ट जोडली त्यात आहे. त्यामुळे आर्केडवाला लावून वाट बघत बसू नका. गेम आडवा आहे आणि त्यातली मजा म्हणजे विमानातून एक किरण सोडून छोटा शत्रू ओढून घेता येतो, समोर ढाल म्हणून धरायचा नाहीतर दुसऱ्यावर फेकून मारायचा. धरून ठेवा, फेकायची घाई नको.

बात्सुगनला हे सगळं थोडं विसरून जावं लागतं. १९९३ चा, कंपनीच्या शेवटच्या दिवसातला, इथे गोळ्या एकदम वाढल्या पण त्यांचा स्पीड उतरला आणि विमानाचा मार लागणारा भाग बारका झाला, म्हणजे गोळ्या पंखाला घासून गेल्या तरी चालतं. मारलेल्या शत्रूंच्या हिशोबाने विमानाची लेव्हल वाढते आणि मारा स्क्रीनभर पसरतो. त्यावर काम केलेले त्सुनेकी इकेदा पुढे केव्हमध्ये गेले आणि डोनपाची, डोडोनपाची असे गेम आले, गोळ्यांचा पाऊस म्हणतात तो प्रकार. मेलात तरी तिथेच परत येता, त्यामुळे एका कॉइनमध्ये संपवायला ट्रक्स्टनपेक्षा सोपा आहे हे माझं मत, भांडायचं असेल तर या.

बटणांबद्दल राहिलं. ऑटोफायर लावा, लाज वाटू देऊ नका. जुन्या मशीनवर बटण बडवत बसावं लागायचं, आणि तासभर बडवलं की दुसऱ्या दिवशी मनगट ऑफिसात सांगतं. ऑटोफायर एका बटणावर, बॉम्ब शेजारच्या बटणावर, आणि बॉम्बवर बोट कायम टेकलेलं. बॉम्ब लांबच्या बटणावर ठेवलात तर डोळ्याला गोळी दिसते, डोकं सांगतं टाक, आणि बोट पोचेपर्यंत विमान गेलेलं.

नजर कुठे ठेवायची हे पण लोक विचारतात. स्वतःच्या विमानाकडे बघायचं नाही. विमानाच्या थोडं वर, चार बोटं वर, तिथे बघायचं, म्हणजे येणारी गोळी आणि विमान दोन्ही कडेने दिसतात. गंगापूर रोडला संध्याकाळी स्कूटी चालवताना हँडलकडे बघता का? पुढच्या रिक्षाकडे बघता. तसंच.

एका दिवसात किती खेळायचं, तर मी तीन कॉइन खेळतो. खरंच तीन, मनातल्या मनात टाकतो, एका जुन्या वाटीत खरे रुपये ठेवलेत आणि प्रत्येक वेळी एक बाजूला काढतो. हा वेडेपणा वाटेल पण फुकटाचा रीस्टार्ट दाबायची सवय त्यानेच गेली, कारण पहिल्या स्टेजमध्ये एक लाइफ गेली की लगेच परत सुरू करायचं हा जो आजार आहे ना त्याने माणूस पहिल्या स्टेजचा राजा होतो आणि चौथा स्टेज कधी बघतच नाही. लाइफ गेली तरी पुढे जा, चेकपॉइंटवरून उठायचा सराव फुकट मिळतोय.

ट्रक्स्टनचा पाचवा स्टेज संपला की गेम संपत नाही हे आधीच सांगून ठेवतो, परत पहिल्यापासून सुरू होतो आणि ह्या वेळी जास्त अवघड. एक चक्कर पूर्ण झाली की झालं, त्यालाच आपण संपवलं म्हणायचं. माझी झाली फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, रात्री साडेअकराला, शेवटची लाइफ, एक बॉम्ब शिल्लक. ओरडलो तर आई उठून आली, उभ्या मॉनिटरकडे बघून म्हणाली, "परत पडला का?" वहीच्या त्या पानावर तारीख आहे, आणि खाली दुसऱ्या चकरीची पहिली ओळ: "१ ला स्टेज. अरे बापरे. सुरुवातीलाच मेलो."